१८८४चा बेसबॉल हंगाम वहीत कसा उतरवावा

दोनशे पानी फुलस्केप वही घ्या. निळा पेन, लाल पेन, पट्टी, आणि घरात कुठे सापडलंच तर २००८ सालचं कालनिर्णय. शेवटची वस्तू थट्टेने सांगत नाही. ती कशाला लागते ते पुढे येईलच.

आधी माझ्याबद्दल थोडं. पस्तीस वर्षं मी पतसंस्था आणि दूध सोसायट्यांच्या वह्या तपासल्या. त्याआधी, म्हणजे परकर-पोलक्यात होते तेव्हा, कराडच्या मैदानावर वडिलांच्या शेजारी बसून पेन्सिलींना टोकं काढायचे. वडील तिथल्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर होते. तेव्हा आकड्यांचं वेड बापाकडून आलं आणि संशयी स्वभाव नोकरीतून. आता वर्षातले काही महिने लेकीकडे, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावी असते. नातवाला शाळेत सोडलं की दुपार मोकळी. एकदा जेवताना जावई म्हणाले, "आई, इथं मेसर स्ट्रीटला पूर्वी बेसबॉलचं मैदान होतं. तिथल्या एका पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, एका हंगामात एकट्याने साठ सामने जिंकले होते."

एकट्याने साठ? मी म्हटलं, व्हाउचर दाखवा.

ते व्हाउचर शोधता शोधता अख्खा १८८४चा हंगाम वहीत उतरला. कोणाला असा जुना हंगाम स्वतः उतरवून बघायचा असेल तर माझ्या चुकांसकट रीत सांगते. बेसबॉल येत नसला तरी चालेल. क्रिकेटचं स्कोअरबुक भरता येत असेल तर अर्धं काम झालं म्हणून समजा. तसंही बेसबॉलचं गुणपत्रक ज्याने घडवलं तो हेन्री चॅडविक इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्याच बातम्या देणारा. ही रीत आपल्याच घराण्यातली आहे.

सुरुवात लीग निवडण्यापासून. १८८४ साली अमेरिकेत एक नाही, तीन मोठ्या लीग चालू होत्या. १८७६ साली निघालेली नॅशनल लीग, आठ संघांची. तिकीट ५० सेंट, रविवारी खेळ बंद, मैदानात दारूबंदी. दुसरी अमेरिकन असोसिएशन. तिकीट २५ सेंट, रविवारीही खेळ, बिअरही मिळणार. आणि त्या एकाच वर्षापुरती जन्मलेली युनियन असोसिएशन, सेंट लुईसच्या हेन्री लूकस नावाच्या तरुण श्रीमंताने उभी केलेली. तिन्ही एकदम वहीत घ्यायला जाऊ नका. मी गेले होते. दोन संध्याकाळी फुकट गेल्या, कारण सेंट लुईसचे दोन संघ होते, एक असोसिएशनमध्ये, एक युनियनमध्ये, आणि एकाचे सामने मी दुसऱ्याच्या खात्यावर टाकत बसले. फिलाडेल्फियाचे तर तीन. न्यूयॉर्कचे दोन, आणि त्या दोघांचा मालक एकच, जॉन डे. म्हणून एकच लीग घ्या. मी नॅशनल घेतली, कारण माझा साठवाला माणूस तिथला होता.

संघांच्या नावांनीही घोळ होतो. आज आपण जी टोपणनावं वाचतो, बीनईटर्स, गॉथम्स वगैरे, त्यातली बरीच त्या वेळच्या बातम्यांत रोजच्या वापरात नाहीत. तेव्हाचा बातमीदार सरळ गावाचं नाव लिहितो. म्हणून वहीत गावच लिहा: प्रॉव्हिडन्स, बॉस्टन, बफेलो, न्यूयॉर्क, शिकागो, फिलाडेल्फिया, क्लीव्हलंड, डेट्रॉइट. झाले आठ.

आता वहीचं पहिलं पान. यावर सामना एकही लिहायचा नाही. यावर त्या वर्षीचे नियम लिहायचे. नव्या संस्थेचं ऑडिट घेतलं की आम्ही आधी पोटनियम मागायचो, वह्या नंतर. ज्याने पोटनियम वाचले नाहीत त्याला कर्ज बेकायदा आहे की कायदेशीर ते कळणारच कसं? बेसबॉलचे पोटनियम त्या काळात जवळजवळ दर वर्षी बदलत होते, आणि आजचे नियम डोक्यात ठेवून १८८४ वाचलं की प्रत्येक आकडा खोटं बोलतो.

माझ्या पहिल्या पानावर हे आहे. पिचर उंचवट्यावरून टाकत नाही, जमिनीवर आखलेल्या चौकटीतून टाकतो, आणि चौकटीची पुढची रेघ बॅटरच्या घरापासून, म्हणजे तो उभा राहतो त्या जागेपासून, ५० फुटांवर. आपली क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, म्हणजे हे अंतर तिच्याहून १६ फूट कमी. (आजचं ६० फूट ६ इंचांचं अंतर १८९३ साली आलं.) हात खांद्याच्या वरून फिरवायची परवानगी नॅशनल लीगने याच वर्षी दिली. बॅटर घरात उभा राहिला की अंपायरला सांगतो, मला चेंडू वर हवा की खाली. वर म्हणजे कमरेपासून खांद्यापर्यंत, खाली म्हणजे गुडघ्यापासून कमरेपर्यंत, आणि पिचरने तिथेच टाकायचा. हॉटेलात तिखट कमी-जास्त सांगावं तसं! ही सोय १८८७ साली बंद झाली. फुकटात पहिल्या तळावर (फर्स्ट बेसवर) जायला आजच्यासारखे चार नव्हे, सहा बॉल, म्हणजे सांगितलेल्या जागी न आलेले चेंडू, लागतात. असोसिएशनमध्ये तर सात. चेंडू अंगावर लागला तर नॅशनल लीगमध्ये काही मिळत नाही, अंग चोळत परत उभं राहायचं. अंपायर बहुतेक वेळा एकच. हातमोजे जवळपास नाहीतच, कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) वगैरे बोटं कापलेला पातळ चामड्याचा मोजा घालतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी लाल पेनने चौकट केलेलं कलम: राखीव खेळाडू मनात येईल तेव्हा आत आणता येत नाही. कुणी जखमी किंवा आजारी पडला तरच. पिचर बदलायचा असेल तर मैदानावरच्याच दुसऱ्या कुणाला चौकटीत आणायचं आणि पिचरने त्याच्या जागी जाऊन उभं राहायचं. बहुधा दुसरा पिचर उजव्या कोपऱ्यात, राइट फील्डला, उभा करून ठेवलेला असे. हे कलम विसरू नका. या हंगामाचा सगळा तमाशा त्याच्यावरच घडतो.

दुसऱ्या पानापासून किर्द. रोजच्या सामन्यांची नोंद. रकाने सात: तारीख, वार, प्रतिस्पर्धी, मैदान घरचं की बाहेरचं, धावा, पिचर, शेरा. त्या काळची वर्तमानपत्रं आता बरीच संगणकावर वाचता येतात, फिलाडेल्फियाहून १८८३ साली सुरू झालेलं 'स्पोर्टिंग लाइफ' हे साप्ताहिकसुद्धा. लेकीने ग्रंथालयाचं कार्ड काढून दिलं त्यामुळे माझं काम सोपं झालं. नॅशनल लीगचा हंगाम मेच्या पहिल्या तारखेला सुरू होऊन ऑक्टोबरच्या मध्यावर संपतो. आठ संघ, प्रत्येकाचे बाकीच्या सातांशी सोळा-सोळा सामने, म्हणजे ११२. रोज पाच-सहा ओळी लिहिल्या तर एका संघाची किर्द तीन आठवड्यांत होते. घाई करू नका. ओळी हाताने लिहिल्याशिवाय डोळ्यांना काही दिसत नाही, हे मी कॉम्प्युटर आल्यावरही ज्युनिअर पोरांना सांगत राहिले आणि ती हसत राहिली.

आता कालनिर्णय. १८८४ हे लीप वर्ष मंगळवारी सुरू झालं. २००८ही लीप, तेही मंगळवारी सुरू झालं. म्हणजे सगळे वार तंतोतंत तेच. तिथी-नक्षत्रांकडे बघू नका, वार तेवढे घ्या. माझ्याकडे ते कालनिर्णय होतं, कारण त्या साली लेक परदेशी गेली आणि मी ते टाकलं नाही. नंतर ते स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरलेलं सापडलं, जुलैच्या पानावर गोडेतेलाचं गोल वर्तुळ. वार कशाला हवा? नॅशनल लीग रविवारी खेळत नव्हती. तुमच्या किर्दीत रविवारी सामना पडला तर तारीख चुकली आहे. बातमी दुसऱ्या दिवशीच्या अंकात यायची, आणि घाईत आपण अंकाची तारीख सामन्याला देऊन मोकळे होतो. माझ्या अशा अकरा चुका एका बैठकीत सापडल्या.

किर्द पुरी झाली की खतावणी, म्हणजे खात्यावार नोंद. प्रत्येक संघाला एक पान, प्रत्येक पिचरला अर्धं. आणि मग तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बेरजांचा ताळा. इथे मला खरा आनंद झाला, म्हणून जरा थांबते.

अखेरचा तक्ता असा आहे. प्रॉव्हिडन्स ८४ जिंकले, २८ हरले. बॉस्टन ७३–३८. बफेलो ६४–४७. न्यूयॉर्क ६२–५० आणि शिकागोही ६२–५०. फिलाडेल्फिया ३९–७३. क्लीव्हलंड ३५–७७. डेट्रॉइट २८–८४. आधी उभी बेरीज करा. जिंकलेले ४४७, हरलेले ४४७. कुणीतरी जिंकतं तेव्हा कुणीतरी हरतंच, म्हणून दोन्ही बाजू सारख्या आल्याच पाहिजेत. जमा आणि नावे. जुळलं. पण चहा ठेवायला उठू नका. आठ संघ गुणिले ११२ भागिले दोन, हे ४४८ होतात. एक सामना कमी आहे. कुणाचा? आता आडवी बेरीज. ८४ आणि २८, ११२. ६२ आणि ५०, ११२. असं करत खाली गेलात की दोनच ठिकाणी १११ येतात: बॉस्टन आणि बफेलो. म्हणजे त्या दोघांमधला एक सामना निकालाविना राहिला. बातमीतला एक शब्द न वाचता केवळ बेरजेतून हे कळलं. पतसंस्थेत असा एक रुपयाचा फरक शोधायला मी एकदा चार दिवस बसले होते आणि संस्थेचे चेअरमन म्हणाले होते, "बाई, माझ्या खिशातून घ्या रुपया." रुपयाचा प्रश्न नसतो हो.

बरोबरीत सुटलेले सामने या हिशेबात धरायचे नाहीत. अंधार पडला की खेळ थांबे, दिवे नव्हते. प्रॉव्हिडन्सचे असे दोन, ते उचंत खात्यात, म्हणजे तात्पुरते बाजूला, ठेवा.

दोन संघांतलं अंतर काढायची रीत सोपी आहे. विजयांतला फरक ११, पराभवांतला फरक १०, बेरीज २१, निम्मे साडेदहा. प्रॉव्हिडन्स साडेदहा सामन्यांनी पुढे. विजयाचं प्रमाण ८४ भागिले ११२, बरोबर पाऊण. वर्तमानपत्रात ते .७५० असं दशांशात दिसेल.

आता त्या साठवाल्याचं खातं. नाव चार्ल्स रॅडबर्न, लोक म्हणायचे 'ओल्ड हॉस', म्हातारा घोडा. वय तिशीच्या आत, पण खेळला घोड्यासारखाच. ७३ सामने सुरू केले, आणि ते ७३च्या ७३ शेवटपर्यंत स्वतःच टाकले. मी हा आकडा तीनदा पडताळला.

त्याच्या खात्यावर इनिंग ६७८.२ दिसतील. इथे क्रिकेटवाल्यांना फायदा. १९.४ षटकं म्हणजे १९ षटकं आणि चार चेंडू हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तसंच इथे .२ म्हणजे दोन आउट, तिनांपैकी दोन. ६७८ पूर्ण आणि दोन तृतीयांश. त्याच्यावर 'अर्न्ड' धावा, म्हणजे ज्यांत क्षेत्ररक्षकांची चूक नाही अशा, १०४. १०४ला नवाने गुणा, ९३६. त्याला ६७८.६७ने भागा: १.३८. नऊ इनिंगमागे दीड धावही नाही. पण त्याच पानावर एकूण धावांचा रकाना बघा: २१६. म्हणजे निम्म्याहून जास्त धावा चुकांच्या पोटी गेल्या. उघड्या हातांनी चेंडू अडवणारे लोक ते, सुटणारच. आणि हा १.३८ तेव्हा कुणी छापला नव्हता. ही सरासरी नॅशनल लीग अधिकृतपणे १९१२पासून ठेवू लागली. मागल्या वर्षांची खाती नंतर बसून लिहिली गेली. नंतर लिहिलेलं खातं खोटं असतंच असं नाही, पण कुठलं रोजच्या रोज लिहिलेलं आणि कुठलं मागाहून, हे समासात लिहून ठेवा.

तर जुलै महिना. माझ्या वहीत हे पान सगळ्यात जास्त खाडाखोडीचं आहे. प्रॉव्हिडन्सकडे मुख्य पिचर दोन, रॅडबर्न आणि चार्ली स्वीनी. स्वीनी तरुण आणि कमालीचा वेगवान. ७ जूनला, शनिवारी, त्याने बॉस्टनचे १९ बॅटर एका सामन्यात स्ट्राइकआउट केले, म्हणजे फटका न मारू देता बाद केले. नऊ इनिंगमध्ये त्याच्या पुढे जायला १९८६ साल उजाडावं लागलं. तेव्हा बॉस्टनच्याच रॉजर क्लेमेन्सने २० घेतले. (त्याच जुलैत युनियन असोसिएशनच्या ह्यू डेलीनेही १९ घेतले होते, आणि डेलीला डावा पंजा नव्हता. अशी माणसं.) रॅडबर्न आणि स्वीनीचं एकमेकांशी पटत नव्हतं. जुलैच्या मध्यावर रॅडबर्नने बॉस्टनविरुद्ध डोकं फिरवून घेतलं आणि व्यवस्थापनाने त्याला निलंबित केलं.

२२ जुलै. कालनिर्णयात मंगळवार, तेलाच्या डागाच्या जरासा खाली. फिलाडेल्फियाविरुद्ध स्वीनी टाकतोय, प्रॉव्हिडन्स ६–२ने पुढे. व्यवस्थापक फ्रँक बँक्रॉफ्टने त्याला सांगितलं, तू राइट फील्डला जा, तिथल्या मिलरला टाकू दे. इथे पहिल्या पानावरची लाल चौकट आठवा. मिलर आत यायचा तर स्वीनीने बाहेरच्या जागी उभं राहायलाच हवं, दुसरा मार्ग नाही. स्वीनीने नकार दिला आणि मैदान सोडून चालता झाला. बदली माणूस आणता येईना, कारण स्वीनी ना जखमी ना आजारी. उरलेले आठ जण खेळले, बाहेरच्या बाजूला तिघांऐवजी दोघं धावत राहिले, आणि सामना १०–६ हरले. नुसता तक्ता वाचणाऱ्याला त्या तारखेला एक पराभव दिसतो. नियमांचं पान लिहिलेल्याला तो रिकामा राइट फील्ड दिसतो.

स्वीनीला काढून टाकलं. तो सरळ सेंट लुईसला, युनियनच्या संघात गेला. वहीत त्याची दोन खाती उघडा: प्रॉव्हिडन्ससाठी १७–८, सेंट लुईससाठी २४–७. दोन्हींची बेरीज ४१ करून प्रॉव्हिडन्सच्या पानावर टाकू नका. मी टाकली होती, आणि तेरीज बोंबलली.

संघ बरखास्त करायची भाषा सुरू झाली तेव्हा रॅडबर्नने सौदा केला: उरलेला हंगाम मी टाकतो, पण मोसम संपल्यावर मला मोकळं करा. मोकळं म्हणजे काय, तर तेव्हा प्रत्येक संघ अकरा खेळाडू राखून ठेवू शकत होता, आणि राखलेल्याला दुसरीकडे जाता येत नसे. वेठबिगारीच, फक्त पगारी. २३ जुलैपासून पुढे किर्दीतला पिचरचा रकाना वाचा. रॅडबर्न, रॅडबर्न, रॅडबर्न. विजेतेपद पक्कं होईपर्यंतच्या ४३ सामन्यांपैकी ४० त्याने सुरू केले आणि ३६ जिंकले. त्यात सलग १८. मी शेवटी त्याचं नाव लिहायचं सोडून वरच्यासारखंच म्हणून दोन टिंबं काढू लागले. मग लाज वाटली. त्याने फेकायचं टाळलं नव्हतं, मी लिहायचं काय टाळतेय? परत सगळी नावं लिहिली. त्याचा हात सकाळी केस विंचरायलाही वर जात नसे असं सांगतात.

आता मूळ प्रश्न: साठ की नाही? काही पुस्तकं ६० म्हणतात, काही ५९. भांडण एका सामन्याचं आहे, २८ जुलै, सोमवार, फिलाडेल्फियात. मिलरने पहिली पाच इनिंग टाकली, संघ पुढे होता, मग रॅडबर्नने येऊन उरलेलं टाकलं. त्या वेळच्या स्कोअररने विजय रॅडबर्नच्या नावावर लावला. आजच्या नियमाने तो मिलरचा. पण तो नियम पक्का छापला गेला १९५० साली. माझा निर्णय असा: एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात वर्ग झालेली ही रक्कम आहे. संघाचे ८४ तसेच राहतात. रॅडबर्न ६० आणि स्वीनी १७ धरले तर बाकीच्या सगळ्यांना मिळून सात उरतात, ५९ धरले तर आठ. त्या दिवशीच्या स्कोअररने त्या दिवशीच्या रिवाजाने लिहिलं, म्हणून मी वहीत ६० ठेवले आणि शेऱ्यात मिलरचं नाव लिहिलं. जावयांना सांगितलं, तुमचं व्हाउचर पास, पण शेऱ्यासकट. माझे वडील असते तर त्यांनी ५९च धरले असते. त्यांचं आणि माझं जमायचं नाही यावर.

ब्राँझच्या पाटीवर मात्र विश्वास ठेवू नका. कूपर्सटाउनच्या बेसबॉल 'हॉल ऑफ फेम'मधली त्याची पाटी सांगते की शेवटचे २७ सामने त्यानेच टाकले आणि २६ जिंकले. वहीत खाली खाली जा, मध्ये दुसऱ्या पिचरची नावं येतात. पाटीवर त्याच्या आडनावात एक अक्षरही जास्तीचं आहे. संस्थेच्या दर्शनी भागात लावलेला संगमरवर आणि आतली खतावणी यांत फरक निघाला तर कुठलं धरायचं हे मला विचारू नका.

शीर्ष बदलण्याचं याहून मोठं उदाहरण शिकागोचं आहे. त्यांच्या लेकफ्रंट मैदानाची डावी भिंत १८० फुटांवर, उजवी १९६वर. म्हणजे ५५ ते ६० मीटर, आपल्याकडे गल्लीतले टेनिस बॉलवाले याला बाउंड्री म्हणणार नाहीत. १८८३ साली भिंतीपलीकडे मारलं तर दोनच तळ मिळायचे. त्या वर्षी नेड विल्यमसनच्या खात्यावर ४९ दुहेरी फटके आणि फक्त २ होमरन, म्हणजे एका फटक्यात चारही तळ. १८८४ला तोच फटका होमरन धरायचं ठरलं. विल्यमसनचे २७ झाले, त्यांतले २५ घरच्या मैदानावर. १८८५ला संघ दुसऱ्या मैदानात गेला, विल्यमसनचे ३. माणूस तोच, बॅट तीच. पण ते २७ विक्रम म्हणून १९१९पर्यंत टिकले. त्या वर्षी बेब रूथने २९ मारले. म्हणून होमरनच्या रकान्याशेजारी भिंतीचं अंतर लिहायला जागा सोडा.

युनियन असोसिएशनकडे एकदा नजर टाकून घ्या, उतरवत बसू नका. सेंट लुईस ९४–१९. पहिले वीस सामने सलग जिंकले. बाकीचे संघ मध्येच बंद पडत होते आणि नवे भरती होत होते. सेंट पॉल तर आपल्या गावी एकही सामना न खेळता संपला. मिलवॉकी ८–४, म्हणजे प्रमाण .६६७, तक्त्यात झोकात दिसतं. बारा सामन्यांचं प्रमाण ते! सेंट लुईस १८८५ला नॅशनल लीगमध्ये आला आणि ३६–७२ने तळाला गेला. त्या ९४ विजयांचं खरं मोल तिथे कळलं.

एक खातं मात्र लीग वेगळी असली तरी उघडाच. मोझेस फ्लीटवुड वॉकर, टोलीडोचा कॅचर, असोसिएशनमध्ये. काळा माणूस. ४२ सामने, सरासरी .२६३. त्याच्या नावापुढे हातून सुटलेल्या चेंडूंचा रकाना वाचताना थांबा. त्याचा पिचर टोनी मुलेन याने पुढे स्वतः कबूल केलं की काळ्या कॅचरच्या खुणा तो पाळत नसे, मनाला येईल तसं टाकायचा. खूण न पाळता टाकलेला चेंडू, उघड्या हातांनी, पन्नास फुटांवरून. तो सुटला तर चूक कुणाच्या नावे? स्कोअरबुकात वॉकरच्या. सप्टेंबरात रिचमंडहून संघाला धमकीचं पत्र आलं, वॉकरला मैदानात उतरवलंत तर बघून घेऊ. वॉकर दुखापतीने आधीच बाहेर होता. हंगाम संपला, आणि मोठ्या लीगमध्ये पुढचं काळं नाव लिहायला १९४७ साल यावं लागलं, जॅकी रॉबिन्सनचं. माझ्या वहीत वॉकरचं अर्धं पान आहे आणि त्याखालची जागा मी कुणाला दिलेली नाही.

शेवटच्या पानावर ऑक्टोबर. प्रॉव्हिडन्स आणि असोसिएशनचा विजेता, न्यूयॉर्कचा मेट्रोपॉलिटन, यांच्यात तीन सामने, २३, २४, २५ तारखेला, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर. पहिला ६–०, दुसरा ३–१. तिसऱ्याला थंडीने माणसंच आली नाहीत, तरी तोही प्रॉव्हिडन्सने जिंकला. तिन्हींत पिचरच्या रकान्यात कोण, ते तुम्हीच लिहा. हे विजय हंगामाच्या ८४मध्ये मिसळू नका, वेगळी बेरीज ठेवा.

वही बंद करायच्या आधी लाल पेनने दुहेरी रेघ मारा आणि खाली तारीख घाला. १८८५साठी नवी वही घेणार असाल तर पहिलं पान परत नियमांचं. रॅडबर्न मोकळा होऊनही प्रॉव्हिडन्सलाच राहिला. संघ ५३–५७ने चौथा आला आणि त्या हिवाळ्यात बंद पडला, म्हणून त्याच्या खात्याला पानं बेताचीच ठेवा. आणि वारांसाठी २००९चं कालनिर्णय लागेल.